अक्षरी सात रुपये

बोर्ड चार बाय सहा. निळी जमीन, पांढरी अक्षरं.
मजकूर बाईंनी फुलस्केपवर लिहून दिला:
अनुक्रम, मुख्याध्यापकाचे नाव, शिक्षण, कालावधी.
भिगवणहून रंगाचे डबे होडीत घालून आणले,
शेजारी चिलापीची रिकामी पाटी, तिच्यावर ओलं गोणपाट.
उजनीच्या पाण्यात आमची वाडी तेवढी वर राहिली,
टेकाड होतं म्हणून.
मे महिन्यात पाणी उतरतं, चालत जाता येतं,
पण मेमध्ये शाळेला सुट्टी असते.

१. श्री. निवृत्ती खंडू बनसुडे. व्हर्नाक्युलर फायनल.
एवढंच लिहायचं.
मेंढरामागं वाढलेला माणूस, हे कुठल्या रकान्यात बसवू?
धरण भरलं त्या साली डोक्यावर जनरल रजिस्टर,
गळ्यात घंटा, छातीभर पाण्यातून वर आले, असं सांगतात.
मी पाहिलं ते एवढंच:
शाळा सुटली की पलीकडच्या वस्तीची पोरं ते दोनदा मोजायचे,
एकदा बोटानं, एकदा तोंडानं च्यक च्यक करत,
आणि होडी काठाला लागेस्तोवर
खाली बसायचे नाहीत.

२. श्री. दादामियाँ हुसेन मुलाणी. डी.एड.
वडील बारामती डेपोत मेकॅनिक.
गुरुजींच्या पिशवीत पाने असायचे,
अर्धा इंची, तीन अष्टमांश, पाव.
"मोठा कुठला?" नट हातात ठेवायचे.
बसला तर बरोबर.
अपूर्णांकांना मला अजून ग्रीसचा वास येतो.
पाण्याचं इंजिन बंद पडलं की
भूगोल तसाच टाकून अख्खी चौथी इंजिनाभोवती.

३. श्रीमती सुलभा श्रीधर केंजळे. बी.ए., बी.एड.
नारायण पेठेतल्या. पोहता येत नव्हतं,
शेवटपर्यंत आलं नाही.
होडीत डोळे गच्च मिटून एकोणीसचा पाढा म्हणायच्या.
एकोणीस दाहे एकशे नव्वद, की काठ.
वारा सुटलेला असला तर एकोणतीसचा.
वर्षात बदली करून घेतील, अशी मी पैज लावली होती.
अकरा वर्षं राहिल्या. वीस रुपये गेले.

४, ५, ६. प्रभारी, प्रभारी, प्रभारी.
यांची अक्षरं मी जरा बारीकच काढली.
कुठले होते, घरी कोण होतं, कुणाला आठवत नाही.
एकजण जाताना फुटबॉल देऊन गेला, तो पाण्यात गेला.

मग कागदावर चौदा महिने काहीच नाही.
पद रिक्त.
रिक्त म्हणजे इठाबाई पाटोळे.
खिचडी शिजवायची. याच शाळेत चौथी नापास.
गुरुवारी केंद्रावरून कुणीतरी येऊन सही ठोकायचं,
बाकीचे दिवस घंटा तिची, हजेरी तिची,
पाढे बारापर्यंत तिचे,
तेराच्या पुढे ती पोरांकडून शिकायची
आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारायची, दटावून.

७. श्रीमती रेश्मा बबन नगरे. डी.टी.एड.
होडी हिचा बापच वल्हवतो.
पाण्यावर "रेश्मे, नीट बस",
फाटकाच्या आत आला की "बाई".

मी सातवीकडे वळलो तर म्हणाली,
"थांब. सहाच्या खाली एक ओळ सोड."
"नंबर कुठला टाकू?"
"नंबर नको. नाव लिही."
इठाबाई पाटोळे लिहिलं. चुलीवरून ती बघत होती,
पळी तशीच हातात.
"शिक्षण?"
बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
"रेघ मार."
अक्षरी सात रुपये माझा दर.
रेघेचा दर मी अजून ठरवलेला नाही.

हात धुवायला काठाशी गेलो तेवढ्यात
रंग वाळलाय का बघायला कुणीतरी बोट लावलं,
नेमकं मुलाणींच्या 'मु'वर.
उकार पार खाली घसरला, पान्याच्या मुठीसारखा.
बाई म्हणाल्या, पुसून परत काढ.
मी म्हणालो, ब्रश धुतले.
ब्रश अजून डब्यातच होता.